लाल शंकूखालची बाटली

सकाळी साडेसातला मुकादम इनागाकीने खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेव्हाच हात्सुएने ओळखलं की आज आपल्याकडून काहीतरी काढून घेतलं जाणार. काही द्यायचं असलं की तो कागदाशिवाय बोलत असे.

त्याने वाचून दाखवलं. एका नागरिकाचा कंपनीला फोन आला होता. रस्त्याच्या कामावरचे झेंडेवाले भर रस्त्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत, बाटली तोंडाला लावून पाणी पितात. कामाच्या वेळी हे बरं दिसत नाही. कंपनीला याबद्दल अत्यंत खेद होत आहे. तरी आजपासून पाणी फक्त सुटीच्या वेळी प्यावं, आणि तेही ट्रकच्या आड, रस्त्याकडे पाठ करून.

ऑगस्टचा महिना होता. जपानमधल्या कुमागायात त्या आठवड्यात पारा रोज एकोणचाळीसच्या वर जात होता. तरीही सगळ्यांनी कमरेत वाकून "समजलं" म्हटलं. हात्सुए एकटी ताठ उभी राहिली.

तिने विचारलं, असे किती फोन आले?

इनागाकीने कागद उलटून पाहिला, जणू मागच्या बाजूला आकडा लिहिलेला असावा. मग म्हणाला, एक.

"एका फोनवर साठ माणसांचं पाणी बंद?"

"बंद नाही, नुकुईसान. वेळ ठरवलीय. दहाला सुटी आहे, बाराला आहे, तीनला आहे."

"आणि मधल्या वेळात मी ट्रकमागे गेले, तर समोरून येणारी गाडी कोण थांबवणार? हा प्लास्टिकचा शंकू?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. इनागाकी माणूस वाईट नव्हता. अडतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. वरून आलेलं खाली पोचवायचं, एवढंच त्याचं काम. पण कोंडीत सापडला की त्याच्या जिभेला धार येई. तो म्हणाला, "तुम्ही आता शाळेच्या स्वयंपाकघरात नाही आहात, बाई."

हे मात्र खरं होतं. हात्सुए नुकुईने एकतीस वर्षं प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. चारशे मुलांचा भात, सूप आणि उन्हाळ्यात जवाचा चहा. तो गार चहा भल्यामोठ्या ॲल्युमिनियमच्या किटलीत भरून ती मैदानाच्या कडेला उभी राहायची. खेळात रमलेली मुलं कधी आपणहून येत नाहीत. ती एकेकाला नावाने हाक मारायची, पेला हातात द्यायची आणि तो रिकामा होईपर्यंत हलायची नाही. मुलं म्हणायची, आम्हाला तहान नाही. ती शांतपणे सांगायची, की तहान म्हणजे शरीराने उशिरा पाठवलेली चिठ्ठी असते. ती मिळेपर्यंत थांबायचं नसतं. पुढे गावाने सगळ्या शाळांचं जेवण एकाच ठिकाणी शिजवायचं ठरवलं, किटल्या भंगारात गेल्या आणि साठीनंतर हात्सुएच्या हातात झेंडे आले. एक लाल, एक पांढरा.

जुन्या बाजाराच्या रस्त्यावर काम चाललं होतं. अर्धा रस्ता खणलेला, अर्धा चालू. त्या अर्ध्या रस्त्यातून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. एका टोकाला हात्सुए, दुसऱ्या टोकाला तोकुमारुसान, मध्ये शंभर पावलांचं अंतर. बोलणं वॉकीटॉकीवर. तिने पांढरा दाखवला की त्याने लाल दाखवायचा, आणि त्याने पांढरा दाखवला की तिने लाल. दोघांपैकी एक जरी पाच मिनिटं जागचा हलला तर गाड्या समोरासमोर येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि रस्ता कशासाठी खणला होता? पाण्याची जुनी नळवाहिनी बदलायला. सगळ्या गावाच्या घशाखाली पाणी उतरावं म्हणून उन्हात उभ्या राहणाऱ्यांनी स्वतःच्या घशाला कुलूप लावायचं होतं.

तोकुमारुसान एकाहत्तर वर्षांचे. पन्नास वर्षं तातामीच्या चटया विणल्या. लोकांनी घरात लाकडी फरशा घातल्या आणि दुकान बंद पडलं. बायको गेली, मुलगा दूर उत्तरेला होक्काइदोत. ते एकटे राहत. ते म्हणायचे की सकाळी हेल्मेट घालायचं असतं म्हणून मी उठतो, नाहीतर अंथरुणाने मला केव्हाच गिळलं असतं. स्वभावाने नाकासमोर चालणारे. गाडी थांबली की तिच्यापुढे इतके लवून नमस्कार करायचे, की चालकालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

नव्या नियमावर ते हात्सुएच्या बाजूने बोलतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी उलटच सांगितलं. चटया घालायला ते लोकांच्या घरी जात, तेव्हा मालकीणबाई चहा आणून ठेवत. तो चहा काम संपेपर्यंत शिवायचा नाही, अशी त्यांच्या गुरूची शिकवण. तीन तास चहा समोर असायचा, गार व्हायचा, आणि मग शेवटी गुडघे टेकून एका दमात प्यायचा. काम करताना तोंड हलवणारा कारागीर त्यांच्या गुरूला चालत नसे.

"ते घरात होतं, तोकुमारुसान. सावलीत," हात्सुए म्हणाली. "इथे तुमचा गुरू असता तर साडेनऊलाच आडवा झाला असता."

यावर ते नुसते हसले. गुरूबद्दल असं बोलणं त्यांना आवडलं नव्हतं. पण हात्सुएशी वाद घालणंही त्यांना जमत नसे.

पहिले दोन दिवस कसेबसे गेले. हात्सुए नियम पाळत नव्हती. रस्ता रिकामा दिसला की ती बाटली काढून दोन घोट घ्यायची, आणि कुणी पाहिलं तर पाहू दे म्हणायची. पण बाटली कमरेला लावताना आपला हात घाई करतो आहे, हे तिच्याही लक्षात आलं. चौसष्टाव्या वर्षी आपण पाणी पिताना इकडेतिकडे बघतो, याचा तिला संताप आला. शाळेत एखादं मूल तास चालू असताना बाकाखाली डोकं घालून खाऊ खातं, अगदी तसं.

तिसऱ्या दिवशी तिला दिसलं की तोकुमारुसान सारखे एका शंकूशी खेळताहेत. रस्त्याच्या कडेला लाल प्लास्टिकचे पोकळ शंकू ओळीने मांडलेले होते. त्यातला एक ते दर अर्ध्या तासाने सरळ करायचे. शंकू तर सरळच असायचा. ते वाकायचे, एक गुडघा टेकायचे, शंकू जरा तिरका करायचे, खाली डोकं घालायचे आणि पुन्हा उठून झेंडा धरायचे. दुपारच्या सुटीत तिने जाऊन शंकू उचलला. खाली बाटली होती. उन्हात तापलेल्या शंकूखाली राहून तिच्यातला चहा आंघोळीच्या पाण्याइतका गरम झाला होता.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते आपल्या बुटांकडे पाहत राहिले.

"चोरी करायची तर निदान गार पाण्याची तरी करा," ती म्हणाली.

त्यांनी समजावलं की यात कुणाला त्रास नाही. कंपनीचा शब्द राहतो, फोन करणाऱ्याचा मान राहतो आणि आपला घसाही ओला होतो. सगळ्यांचं साधतं. हात्सुए म्हणाली, सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं? तिला त्या क्षणी त्या बाटलीचा राग आला, गुरूचा आला, फोन करणाऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त तोकुमारुसानांच्या त्या टेकलेल्या गुडघ्याचा आला. पण बाटली तिने परत शंकूखाली ठेवली. नाहीतर ते तेवढंही प्यायले नसते.

चौथा दिवस शुक्रवार. दहाच्या सुटीनंतर खणणारे लोक पुढे सरकले आणि त्यांनी शंकूही पुढे नेले. हात्सुएला आपल्या टोकावरून एवढंच दिसलं की दोघे जण शंकू उचलून एकात एक घालताहेत. तिच्या पुढ्यात गाड्यांची रांग लागली होती, तिचं लक्ष त्यात होतं.

अकराच्या पुढे वॉकीटॉकीवरची उत्तरं उशिरा यायला लागली. "तुमच्याकडे लाल?" असं तिने विचारलं की पूर्वी "लाल" असं ताबडतोब यायचं. आता मध्ये खरखर ऐकू यायची आणि मग एक जड "हो." बाराच्या सुटीत ते ट्रकमागे आलेच नाहीत. तिने बोलावलं तर वॉकीटॉकीवरच म्हणाले, की इथल्या भिंतीला सावली आहे, मी इथेच टेकतो. आपण शंभर पावलं चालत का गेलो नाही, हे हात्सुएने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं.

एकला पाच मिनिटं असताना तिने पांढरा झेंडा दाखवून बालवाडीची छोटी पिवळी बस सोडली. बस मध्यावर गेली असेल नसेल, समोरून काँक्रीटचा अजस्र ट्रक आत शिरला. तोकुमारुसानांच्या हातातही पांढराच झेंडा होता. हात्सुएने शिट्टी फुंकली. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक लावला. दोन्ही गाड्यांमध्ये फार तर चार हात अंतर उरलं. बसमधली मुलं काचेला नाकं लावून ट्रककडे बघत होती. त्यांना मजा वाटत होती.

ती धावत पोचली तेव्हा तोकुमारुसान उभेच होते. पांढरा झेंडा वर धरलेला, नजर कुठेतरी पलीकडे. तिने त्यांचा हात धरला. कातडी तापलेली आणि कोरडी, घामाचा थेंब नाही. एकोणचाळीस अंश उन्हात त्यांच्या दंडावर काटा आला होता. ते अडखळत म्हणाले, गैरसोयीबद्दल क्षमस्व. कुणाला म्हणाले कोण जाणे, आणि मग गुडघ्यातून खाली बसले.

काय करायचं ते हात्सुएला पाठ होतं. शाळेच्या मैदानावर तिने हे पाहिलं होतं. ट्रकवाल्याच्या मदतीने तिने त्यांना सावलीत आडवं केलं, हेल्मेट काढलं, सदरा उघडला. बसच्या बाईंनी मुलांच्या डब्यांतल्या बर्फाच्या पिशव्या गोळा करून आणल्या. त्या मानेला, काखेत आणि जांघेत लावल्या, वरून पाणी ओतलं आणि ट्रकवाल्याला पुठ्ठ्याने वारा घालायला सांगितलं. तो पाणी पाजायला निघाला तर तिने अडवलं. माणूस नीट शुद्धीवर नसताना पाजलेलं पाणी छातीत उतरतं. पाजायची वेळ सकाळीच निघून गेली होती.

रुग्णवाहिकेची वाट बघत ती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तेवढ्यात एक वाजला आणि खांबावरचा नगरपालिकेचा भोंगा बोलायला लागला. रोज याच वेळी बोलायचा. गोड आवाजातली बाई सांगत होती, की आज उष्म्याचा कडक इशारा आहे. बाहेर काम करणाऱ्यांनी तहान लागली नसली तरी वरचेवर पाणी प्यावं.

हात्सुएने वर खांबाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात गेली, तेव्हा तोकुमारुसान उशीला टेकून बसले होते आणि हाताला सलाईन लावलेलं होतं. तिला बघताच त्यांनी माफी मागितली. मग ट्रकवाल्याची, बसची, इनागाकीची, सगळ्यांची आळीपाळीने. तिने सगळ्या माफ्या संपू दिल्या आणि विचारलं, बाटली कुठे होती?

त्यांनी सांगितलं. शंकू उचलणाऱ्याला खाली बाटली सापडली. त्याने ती उंच धरून विचारलं, हा कचरा कुणाचा? तोकुमारुसान दोन पावलांवर उभे होते. ते गप्प राहिले. बाटली कचऱ्याच्या पिशवीत गेली.

"माझी आहे म्हटलं असतं, तर शंकूखाली का ठेवली तेही सांगावं लागलं असतं," ते म्हणाले.

"आणि सुटीत आला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं असतं, बाटली कुठे आहे म्हणून."

एक माणूस दुसऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून, आणि स्वतःला ओशाळं व्हावं लागू नये म्हणून, हातात झेंडा धरून मरायला निघाला होता. आणि हे त्याला कुणी वाईट माणसाने शिकवलं नव्हतं, चांगल्या माणसांनी शिकवलं होतं. तिने सलाईनच्या नळीकडे बोट दाखवलं.

"हे पाणी मात्र सगळ्यांसमोर चढतंय. परिचारिकेला सांगू का पडदा ओढायला?"

त्यांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. इनागाकीचा फोन येऊन गेला होता. कंपनीला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटते, आरामात या, पण वय पाहता असं पुन्हा झालं तर पुढचा विचार करावा लागेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काम करायचं असेल तर दर वीस मिनिटांनी प्यायलाच हवं, नाहीतर घरी बसा. तोकुमारुसान म्हणाले की मी दर सुटीत दुप्पट पिईन. घरी मात्र बसवणार नाही.

घरी जाताना हात्सुएच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस परत येणार, आणि परत पिणार नाही.

दहा दिवसांनी ते आले. त्या सकाळी इनागाकीने पुन्हा कागद काढला. आवश्यकतेनुसार पाणी प्यावं, मात्र नागरिकांच्या नजरेचा विचार ठेवावा. एका हाताने दार उघडून दुसऱ्या हाताने कडी लावणारं वाक्य. हात्सुएने काही विचारलं नाही. तिने पिशवीतून स्वतःचा कागद काढला आणि कामाच्या फलकावर चिकटवला. त्या फलकावर हेल्मेट घातलेला, कमरेत वाकलेला एक चित्रातला माणूस लोकांची माफी मागत वर्षानुवर्षं उभा होता. त्याच्या पायांखाली तिने जाड शाईने लिहिलं होतं: आम्ही दर वीस मिनिटांनी पाणी पितो. तेवढं एक मिनिट दोन्ही बाजू थांबतील. नुकुई, तोकुमारु.

"हे मला वर कळवावं लागेल," इनागाकी म्हणाला.

"कळवा. नावं नीट लिहिलीत, वाचायला अडचण नको."

कागद त्याने काढला मात्र नाही. तो तिथेच घुटमळत राहिला.

आठ वाजून वीस मिनिटांनी हात्सुएने वॉकीटॉकीवर सांगितलं, दोन्हीकडे लाल. तिच्यापुढे तीन गाड्या थांबल्या. तिने झेंडा शंकूत रोवला, गाड्यांना लवून नमस्कार केला, बाटली उघडली आणि तोंड रस्त्याकडे ठेवून सावकाश प्यायला लागली. पलीकडे पाहिलं तर तोकुमारुसान भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे आवळून. बाटली उघडली होती की नाही, ते दिसत नव्हतं.

तेवढ्यात इनागाकीचा फोन वाजला. तो "हो, हो, अत्यंत क्षमस्व" म्हणत फोनवरच वाकायला लागला. हात्सुएने हात पुढे केला. त्याने नाही म्हणून मान हलवली. तिने हात तसाच ठेवला, पेला रिकामा होईपर्यंत ती मुलांपुढे थांबायची तसा. शेवटी त्याने फोन दिला. का दिला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पलीकडे म्हातारा आवाज होता. पुरुषाचा, चिडलेला. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून आपल्याला सगळं दिसतं, म्हणाला. मागेही सांगितलं होतं. आता तर गाड्या अडवून पितात.

"हो, ती मीच," हात्सुए म्हणाली. "नुकुई माझं नाव. मागच्या वेळी आपण फोन केलात, त्यानंतर पलीकडचे गृहस्थ चार दिवस चोरून प्यायले आणि पाचवा दिवस रुग्णालयात उजाडला. शुद्ध हरपली तेव्हा त्यांच्या हातात झेंडा होता, आणि समोर लहान मुलांची बस होती. हे आपल्याला खिडकीतून दिसलं असेल."

म्हातारा खाकरला. मग म्हणाला, ते पाहिलं. त्याचा याच्याशी काय संबंध?

हात्सुएचा राग टाळूपर्यंत चढला. पण तेवढ्यात तिच्या कानाला दुसरंच काहीतरी लागलं. म्हाताऱ्याची जीभ टाळ्याला चिकटत होती. प्रत्येक शब्द सुटताना कोरडा आवाज होत होता.

"आपण आज सकाळपासून पाणी किती प्यायलात?" तिने विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

ती थांबून राहिली. मुलांनाही उत्तराला वेळ लागतो. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तिने तिकडे बघून पुन्हा एकदा लवून नमस्कार केला.

"लक्षात नाही," आवाज म्हणाला.

"मग आधी उठा आणि एक पेलाभर प्या. तक्रार नंतर करा. मी संध्याकाळी पाचपर्यंत इथेच आहे, वीस मिनिटांनी पुन्हा पिणार आहे. आपणही तेव्हा प्या. मी वर बघेन."

तिने फोन इनागाकीच्या हातात ठेवला. तो फोनकडे बघत राहिला आणि मग, नकळत असेल, त्याने आपल्या गाडीतून स्वतःची बाटली काढली.

हात्सुएने वॉकीटॉकी तोंडाशी धरली.

"तोकुमारुसान."

"हो."

"भिंतीला तहान लागलेली नाही. तोंड इकडे करा."

खरखर झाली. शंभर पावलांवर पिवळं जाकीट घातलेली ती वाळकी पाठ बराच वेळ हलली नाही. त्यांच्या बाजूला पाच गाड्या थांबल्या होत्या. मग ते हळूहळू वळले. आधी गाड्यांना नमस्कार केला, नेहमीसारखा, गुडघ्यांपर्यंत हात नेऊन. सरळ झाले. बाटली वर केली आणि ओठांशी नेऊन थांबले.

हात्सुएने आपला लाल झेंडा जागचा हलवला नाही. मागच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला, तिच्या मागच्यानेही दिला. ती तशीच उभी राहिली आणि त्यांचा घसा हलताना दिसेपर्यंत तिने एकही गाडी सोडली नाही.